निवेदन वगळून

श्यामकांत वझलवारांबद्दल तुम्ही कदाचित वाचलं असेल. मागच्या वर्षी इंग्रजी पेपरांच्या रविवारच्या पुरवण्यांत त्यांचे फोटो आले होते. कपाटाला टेकून उभे, मागे व्हिडिओ कॅसेटांच्या रांगा. टीव्ही केंद्र रोज सुरू होताना आणि बंद होताना पडद्यावर जे दिसायचं, ते या माणसाने वर्षानुवर्षं गोळा केलं. चोवीस तास चालणाऱ्या वाहिन्यांच्या काळात जन्मलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं, की पूर्वी टीव्ही उघडायचा आणि मिटायचा. संध्याकाळपर्यंत पडद्यावर नुसत्या पट्ट्या असत. मग बोधचिन्ह गोल फिरत यायचं, धून वाजायची, घड्याळ दिसायचं, आणि निवेदिका नमस्कार करून आज काय काय दाखवणार ते सांगायची. मिटताना उलटा क्रम. निवेदिका उद्याचे कार्यक्रम सांगून निरोप घ्यायची, पुन्हा धून, पुन्हा बोधचिन्ह, आणि मग पडद्यावर नुसत्या खरखरणाऱ्या मुंग्या.

तर त्यांच्यावर जे लिहायचं ते लिहून झालंय. मला अलकाताईंबद्दल सांगायचंय. त्या लेखांमध्ये त्यांच्या वाट्याला एक वाक्य आलं होतं, 'पत्नी अलका चहा घेऊन आल्या.' ते वाचून मलाच संताप आला होता.

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत वझलवार माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. मी ठाण्याची, नोकरीसाठी इथे आले आणि इथलीच झाले. इतकी वर्षं आमचं भाजी, पाणी, लिफ्ट एवढ्यावरच बोलणं व्हायचं. अलकाताई टीव्हीवर होत्या हे त्यांनीच एकदा जिन्यात सांगितलं होतं. मी म्हटलं, "मग काही आहे का बघायला?" त्या म्हणाल्या, "आहे ना. सगळं यांच्या कपाटात आहे." बँकेत ठेवलेल्या दागिन्याबद्दल बायका बोलतात तसं, अगदी निर्धास्तपणे.

त्या मूळच्या नागपूरच्या. हिंदीत एम.ए. झालेल्या. लग्न होऊन दिल्लीला आल्या तेव्हा श्यामकांतराव केंद्र सरकारच्या पाण्याच्या खात्यात होते आणि बिऱ्हाड सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतं. श्यामकांतरावांचा नाद तेव्हाच सुरू झाला होता. आधी टीव्हीच्या भोंग्यासमोर टेपरेकॉर्डर धरून धून टिपायचे. मग त्यांच्या मेहुण्याने कुवेतहून व्हिडिओ रेकॉर्डर आणून दिला आणि माणूस हातचा गेला. सरकारी नोकरांना घरच्यांसकट हिंडायला एलटीसीची सवलत मिळते. लोक तिच्यावर गोव्याला, काश्मीरला जात. हे कुटुंब गुवाहाटीला गेलं ते तिथल्या केंद्राची सुरुवात टिपायला, त्रिवेंद्रमला गेलं तेही त्यासाठीच. रेकॉर्डर सुटकेसमध्ये अलकाताईंच्या साड्यांत गुंडाळून न्यायचा. मग त्या साड्या हॉटेलात पुन्हा इस्त्री करायच्या. श्रीनगरला तीन दिवस राहून यांनी दल सरोवर पाहिलं ते टॅक्सीतून.

"चिडचिड व्हायची," त्या मला म्हणाल्या, "पण म्हटलं, दारू नाही, जुगार नाही. असू दे एक वेड."

त्यांना निवेदिकेचं काम मिळालं ते असंच, एका जाहिरातीवरून. चाचणीला खूप मुली होत्या. त्यांचं हिंदी चोख होतं, फक्त एका अक्षराला परीक्षक अडले. अलकाताई 'विज्ञान' म्हणताना मराठी 'ज्ञ' म्हणत. परीक्षक बाई म्हणाल्या, "विग्यान कहिए. महाराष्ट्र बाहर छोड़कर आइए." महिनाभर स्वयंपाक करताना त्या विग्यान, ग्यान, आग्या असं घोकत होत्या. दुसऱ्या चाचणीत पास झाल्या.

नोकरी पक्की नव्हती. महिन्यातले काही दिवस बोलावणं यायचं, त्या त्या दिवसाचे पैसे. पण काम अवघड होतं आणि त्यांना ते यायचं. सगळं थेट. समोर वाचायला काही नाही, कार्यक्रमांची नावं आणि वेळा पाठ. बारीक रेघांची साडी चालायची नाही, पडद्यावर रेघा थरथरतात. पांढरी चालायची नाही. शेजारच्या पंजाबी बाईंच्या दोन रेशमी साड्या अख्ख्या दिल्लीने अलकाताईंच्या अंगावर पाहिल्या. बसमध्ये लोक ओळखायला लागले. मार्केटमध्ये एका दुकानदाराने विचारलं होतं, आज सिनेमा कोणता.

आणि एक दिवस त्यांची कसोटी लागली. केंद्र बंद व्हायची वेळ झाली होती. त्यांनी उद्याचे कार्यक्रम सांगितले, हात जोडले, आणि आतून खूण आली की थांबा. शेवटची फिल्म अडकली होती, धून नाही, बोधचिन्ह नाही, व्यत्ययाची पाटीसुद्धा लागत नव्हती. कॅमेरा त्यांच्यावर तसाच. अलकाताईंनी जोडलेले हात सावकाश खाली घेतले आणि बोलायला लागल्या. उद्याच्या शेतीच्या कार्यक्रमात कशाबद्दल सांगणार आहेत, तिथून थंडीत गव्हाला पाणी कधी द्यावं, तिथून मुलांच्या परीक्षा जवळ आल्यात तर घरात टीव्हीचा आवाज कमी ठेवा. एकदाही अडखळल्या नाहीत. कुणाला शंकाही आली नाही की काही बिघडलंय. फिल्म सुटली तेव्हा त्यांनी वाक्य पूर्ण केलं, पुन्हा नमस्कार केला आणि धून वाजली. निर्माते आतून बाहेर आले आणि त्यांनी अलकाताईंना आपली खुर्ची बसायला दिली.

"त्या दिवशी मला कळलं," अलकाताई म्हणाल्या, "की मला हे येतं. लग्नात सासरचे म्हणतात ना, मुलीला काय काय येतं. मला हे येत होतं."

वर्षभराने त्यांनी ते सोडलं. सासूबाई दिल्लीला राहायला आल्या, लेक सुखदा लहान. केंद्राची गाडी त्यांना उशिरा दारात सोडायची त्यावर क्वार्टरमध्ये कुजबुज. श्यामकांतराव रागावले नाहीत, ओरडले नाहीत. समजुतीने म्हणाले, "किती लोक येतात टीव्हीवर? तू आलीस. आणि तुझं काही वाया गेलेलं नाही, सगळं माझ्या कपाटात आहे. हवं तेव्हा बघ." अलकाताई एका मंत्रालयात अनुवादक म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. कपाट उघडून बघायचं राहून गेलं. एकदा विचारलं तेव्हा श्यामकांतराव म्हणाले, लावली की टेप घासते. नंतर रेकॉर्डरच बिघडला आणि दुरुस्त करणारे उरले नाहीत. निवेदनं थेट व्हायची, त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. पण त्यांना घाई नव्हती. आहे म्हणजे आहे.

मग ते लेख छापून आले आणि ते वाचून गुडगावच्या एका खाजगी संग्रहालयाची माणसं आली. आली म्हणजे कादंबरी नावाची एकच मुलगी आली. पुण्याची, तिशीची, तिथे दालनं लावायचं काम करते. त्यांना जुन्या टीव्हीचं एक दालन करायचं होतं. तिने आधी काही कॅसेटा नेऊन संगणकावर उतरवून पाहिल्या होत्या आणि त्या शनिवारी ती अजून काही न्यायला आली. मीही तिथे होते, कारण माळ्यावरची खोकी उतरवायला अलकाताईंनी मला वर बोलावलं होतं.

कादंबरी फार आदराने बोलत होती. "काका, एवढी चांगली क्वालिटी आम्हाला कुठेच मिळाली नाही. फक्त एक विचारायचं होतं. घड्याळ येतं आणि लगेच पुढचं सुरू होतं. मध्ये एक झटका बसतो. निवेदिका कुठेच दिसत नाही. ते वेगळ्या कॅसेटवर आहे का?"

श्यामकांतराव खूश झाले. त्यांना कुणीतरी बारकावा विचारला होता.

"ते मी काढायचो," ते म्हणाले. "म्हणजे घ्यायचोच नाही. बोट पॉजवर. बाई आली की दाबायचं, बाई गेली की सोडायचं. मला शुद्ध पाहिजे होतं. चिन्ह, धून, घड्याळ. बायकांची बडबड रोज वेगळी, तिचं काय करायचं?" ते हसले. "सोपं नव्हतं हं. पॉज फार वेळ ठेवला की मशीन आपोआप बंद पडायचं. एकदा तर एक बाई इतकी बोलत बसली की मला दोनदा दाबावा लागला. गहू काय, परीक्षा काय. संपेचना."

अलकाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं. आपटलं नाही.

"कोण बाई?"

"असेल कुणीतरी."

"मी होते ती."

श्यामकांतराव त्यांच्याकडे बघत राहिले. खरंच आठवत होते, चेहऱ्यावर दिसत होतं. "तू होतीस? अच्छा. असशील."

"माझं काहीच नाही त्यात?"

"तुझंच नाही असं नाही," ते म्हणाले, "कुणाचंच नाही. मी त्यात डावंउजवं केलं नाही."

मी आजवर पुष्कळ नवरे पाहिलेत. कामावर पाहिलेत, घरात पाहिलेत, एक माझ्याही घरात होता. पण न्याय केल्याच्या थाटात असं वाक्य टाकणारा मी दुसरा पाहिला नाही. कादंबरीने मान खाली घातली. अलकाताई आत गेल्या आणि दार लावून घेतलं. खिचडी आम्ही तिघांनी खाल्ली, कारण काय करावं ते कुणालाच सुचेना. श्यामकांतरावांनी दोनदा घेतली.

त्यानंतरचे आठवडे त्या घरात मौन असेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. अलकाताई बोलत होत्या, भरपूर, आणि सगळ्यांशी. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बोलल्या, खाली बाकावर बसणाऱ्या पंजाबी आणि बंगाली बायकांशी हिंदीत बोलल्या. "चालीस साल मुझे कहा, अलमारी में है. अलमारी में थी ही नहीं मैं." श्यामकांतराव समोरून गेले तरी आवाज खाली करत नसत. अलकाताईंनी कपाटातल्या उरलेल्या कॅसेटा उचलून बाल्कनीत नेऊन ठेवल्या आणि तिथे आपल्या साड्या लावल्या. ते कॅसेटा परत आत आणत, या परत बाहेर नेत.

सुखदा नोएडाच्या एका आयटी कंपनीत आहे. ती रविवारी समजूत घालायला आली तेव्हा अलकाताईंनी मलाही बसवून ठेवलं. म्हणाल्या, "कुणीतरी ऐकायला पाहिजे."

सुखदा म्हणाली, "आई, बाबांचं वय बघ ना. त्यांनी काही जान-बूझकर नाही केलं यार."

"बोट चुकून पडतं का बटणावर? वर्षानुवर्षं?"

"अगं पण त्यांचा तो शौक होता. तू एंकर होतीस ना तेव्हा? मला तर नीट माहीतही नव्हतं."

"निवेदिका."

"तेच ते."

"तू टीव्हीसमोर बसून मला हात करायचीस. मी नमस्कार केला की तूही करायचीस. आजीने सांगितलं होतं मला."

सुखदा म्हणाली, "आई, मी लहान होते. मला काहीच आठवत नाही."

"बघ," अलकाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "घरात माझी दोघं जणं मला बघायला होती. एकाने बटण दाबलं. दुसरीला आठवत नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी तरी पाहिलं नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

सुखदाने जाताना वडिलांना सांगितलं, "बाबा, एकदा सॉरी म्हणून टाका, चलो." श्यामकांतराव म्हणाले, "कशाबद्दल ते मला कळलं तर म्हणतो." मला वाटतं ते प्रामाणिकपणे बोलत होते. त्याचाच जास्त राग येतो.

पुढच्या आठवड्यात अलकाताई म्हणाल्या, मला गुडगावला जायचंय, येतेस का. मी सुट्टी टाकली. मेट्रोत त्या मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या आणि राजीव चौकाला गाडी बदलताना त्यांनी एका तरुणाला कोपराने असं बाजूला केलं की मीच त्याला सॉरी म्हटलं.

कादंबरीने आम्हाला तयार होत असलेलं दालन दाखवलं. भिंतीवर श्यामकांतरावांचं नाव मोठ्या अक्षरांत यायचं होतं. मोठ्या पडद्यावर एकामागून एक केंद्रं उघडत होती आणि मिटत होती. दिल्ली, जालंधर, गुवाहाटी, त्रिवेंद्रम. बोधचिन्हं फिरत होती. झटके कुठेच दिसत नव्हते, ते कादंबरीने काढून टाकले होते. घड्याळातून चित्र अलगद पुढच्या धुनेत विरघळत होतं. फार सुंदर दिसत होतं, हे मला कबूल केलं पाहिजे.

"शिवलंस," अलकाताई म्हणाल्या.

"काकू?"

"फाटलेलं होतं, ते शिवलंस. आता कुणाला कळणार पण नाही की इथे कुणी होतं."

कादंबरी कावरीबावरी झाली. तिने आधीच विचार करून ठेवला होता, ती म्हणाली, "काकू, मला एक सुचलंय. तुम्ही आत्ता ते निवेदन करा. आम्ही तसाच सेट लावतो, तशीच साडी. तुम्हाला ते अजून पाठ असेल. आम्ही ते मध्ये घालू."

मला वाटलं हे उत्तम झालं. मला वाटलं अलकाताई हो म्हणतील आणि सगळं मार्गी लागेल. पण त्या जास्तच भडकल्या. आवाज चढला नाही, उलट हळू झाला.

"मी बहात्तर वर्षांची आहे. तेव्हा बत्तीसची होते. ती बाई तुझ्याकडे नाहीये. मी सोंग करणार, लोक म्हणणार अरे वा, आणि काय गेलं ते कुणाला कळणार नाही. माझं जे पुसलं ते मीच भरून द्यायचं का?"

"मग काय करू मी?"

"ते टाके काढ. आणि जिथे निवेदिका होती तिथे काळं ठेव. ती बोलायची तेवढा वेळ."

कादंबरीने तिच्या साहेबांना बोलावलं. यशोधन नावाचा चाळिशीतला गृहस्थ, मुंबईहून इथे आलेला, गोड बोलणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "काकू, मी तुमची भावना समजतो. पण लोकांना वाटेल मशीन बिघडलंय."

"वाटू दे."

"एवढा वेळ कोणी थांबत नाही हो काळ्या पडद्यासमोर."

"माझ्यासमोर थांबायचे," अलकाताई म्हणाल्या.

मग पाटीवरून वाद झाला. कादंबरीने तिथल्या तिथे लिहून दाखवलं, की निवेदनाचे भाग उपलब्ध नाहीत. अलकाताईंनी विचारलं, "उपलब्ध नाहीत म्हणजे काय? पुरात वाहून गेले? उंदरांनी खाल्ले? संग्राहकाने वगळले असं लिही. खरं आहे ते लिही." यशोधन म्हणाला, असं लिहायचं तर काकांची संमती लागेल, कॅसेटा त्यांच्या आहेत.

संमतीसाठी जे झालं ते मी खालच्या मजल्यावरून ऐकलं आणि बाकीचं अलकाताईंनी सांगितलं. श्यामकांतराव म्हणाले ही माझी बदनामी आहे. म्हणाले, ज्या माणसाने हे सगळं जपलं त्यालाच गुन्हेगार ठरवताय. ते खरंही होतं, त्यांनी जपलं नसतं तर त्या धुना आज कुणी ऐकल्या नसत्या. अलकाताईंनी ते नाकारलं नाही. म्हणाल्या, "जपलं तेही लिहा. वगळलं तेही लिहा." ते म्हणाले, मग मी देतच नाही काही, सगळं परत आणतो. त्या म्हणाल्या, "आणा. पण या घरात नाही. सुखदाकडे ठेवा." सुखदा फोनवर म्हणाली तिच्याकडे जागा नाही.

शेवटी दोन दिवसांनी श्यामकांतरावांनी होकार दिला. बायकोसाठी दिला असं मी म्हणणार नाही. त्यांना ती भिंत हवी होती, मोठ्या अक्षरांतल्या नावाची. अलकाताईंनाही ते माहीत होतं. त्यांनी त्यावर काही म्हटलं नाही, त्यांना पाटी मिळाली होती.

उद्घाटनाला शंभरेक माणसं असतील. समोसे होते, छोटे छोटे, कागदी द्रोणात. श्यामकांतरावांचं भाषण झालं आणि ते चांगलं बोलले. मग लोक पडद्यासमोर जमले. दिल्लीचं बोधचिन्ह फिरत आलं, धून वाजली. मागच्या बाजूला कुणातरी म्हाताऱ्या माणसाला हुंदका आल्यासारखं झालं. घड्याळ आलं. आणि पडदा काळा झाला, आवाज गेला.

थोडा वेळ सगळे थांबले. मग खुसफुस. एका तरुणाने पडद्यामागे वाकून पाहिलं. दाराशी उभा असलेला कर्मचारी धावत आला, "सर, चल रहा है, चल रहा है." एका बाईने पाटी वाचली आणि शेजारणीला दाखवली. बरेच जण वाचायच्या आधीच पुढच्या दालनात गेले. फिल्म अडकल्याच्या दिवसाचा काळा भाग आला तेव्हा तर समोर आम्ही दोघी, कादंबरी आणि एक सूटमधले गृहस्थ एवढेच उरलो. श्यामकांतराव जरा मागे उभे होते. तो भाग फार लांब आहे, अलकाताईंनी आठवून सांगितला तेवढा. सिनेमात जसं पुढचं रीळ लावेपर्यंत लोक चुळबुळतात तसंही इथे करता येत नाही, कारण काहीतरी येईल याची खात्री नसते.

सूटमधले गृहस्थ श्यामकांतरावांकडे वळून म्हणाले, "यह ख़राब है क्या?"

"नहीं."

"तो फिर बीच में काटा किसने?"

श्यामकांतरावांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला. "मैंने," ते म्हणाले. "मेरी पत्नी बोल रही थी."

गृहस्थांना काय कळलं कुणास ठाऊक, ते 'अच्छा अच्छा' म्हणत निघून गेले. मी अलकाताईंकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा सैल पडेल. पडला नाही. त्यांनी पडदा उजळेपर्यंत वाट पाहिली, मग नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकलं मी. आता घरी जाऊन लगेच विसरू नका."

घरी परत येताना ते टॅक्सीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, आम्ही मागे. एकदाच त्यांनी मान वळवून विचारलं, "गव्हाचं काय सांगितलं होतंस गं तेव्हा?" अलकाताई म्हणाल्या, "चाळीस वर्षांपूर्वी विचारायचं होतं." आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटतं त्यांना सांगावंसं वाटलं असेल. पण त्यांनी सांगितलं नाही, आणि का सांगावं?

ही गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण गेल्या महिन्यात कादंबरीचा फोन आला, अपराधी आवाजात. अलकाताईंनी मला हाक मारली आणि आम्ही पुन्हा गुडगावला गेलो. लोकांच्या तक्रारी येत होत्या म्हणून यशोधनने काळे भाग छोटे करून टाकले होते. पापणी लवली तर कळू नये इतके.

अलकाताईंनी पूर्ण चक्र उभ्याने पाहिलं. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. मग यशोधनच्या खोलीत गेल्या. तो उठून म्हणाला, "काकू, आयडिया तीच ठेवलीये, फक्त ड्युरेशन ॲडजस्ट केलंय. बिल्कुल थोडंसं."

"मला बाहेरचं काही काम नाहीये," अलकाताई म्हणाल्या. "तुम्ही आत्ता ते होतं तसं करा. मी इथे बसते. झालं की बघते आणि जाते. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येऊन बघते."

त्याने कादंबरीकडे पाहिलं. कादंबरी आधीच उठून संगणकाकडे निघाली होती. मला तर ती खूश दिसली.

काम व्हायला दुपार झाली. आम्ही तिथल्या कँटीनमधला चहा घेतला, वाईट होता. अलकाताईंनी कर्मचाऱ्याला समजावून सांगितलं, की लोकांनी विचारलं तर 'चल रहा है' म्हणू नको, 'यहाँ उद्घोषिका थी' असं म्हण. निवेदिकेसाठीचा तो हिंदी शब्द त्याने दोनदा चुकवला. त्यांनी तिसऱ्यांदा सावकाश फोड करून सांगितला आणि त्याच्याकडून बिनचूक म्हणवून घेतला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. श्यामकांतराव होते, घरी जेवायला वाट बघत. कुठे आहेस, असं विचारत असावेत.

"कामावर," अलकाताई म्हणाल्या.